आईच्या ओळखीची

"सरका थोडं, बाई," म्हणत सुमित्राबाई बायकांच्या बाकावर टेकली, तेव्हा पडद्यावर सेलू गावातलं घर आलंच होतं.

शेजारी कांता होती, वर्ध्याच्या एका मास्तरांची बायको. हा सिनेमा ती दुसऱ्यांदा पाहत होती. "खरंखुरं घर आहे हे," ती हळूच म्हणाली. "सिनेमा काढणारे श्रीधरराव तिथलेच. स्वतःचंच लहानपण दाखवलंय."

"मालूम आहे मले. त्या घरचा सैपाक मीच करत होती."

कांतानं वळून पाहिलं. धुवट पांढरं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. पुलगावहून एकटीच आलेली. स्वयंपाकीणबाईनं इतका जीव लावावा, याचं कांताला कौतुक वाटलं.

"मग शूटिंगच्या वेळी गेला असाल! अर्धं सेलू कुंपणावर चढलं होतं म्हणे. आईचं काम करणाऱ्या नटीला चूल कशी फुंकायची, ते श्रीधररावांनी स्वतः बसून दाखवलं."

"सेलूले जाणं नाई होत आता."

पडद्यावर वडील वारले. मग विधवा आईला ताप भरला. पाच वर्षांच्या पोराला आत्यानं उचलून नेलं, आणि तो परतला तेव्हा चूल थंड होती. सगळ्या बाकांवर मुसमुसणं सुरू झालं. सुमित्राबाई कोरड्या डोळ्यांनी बघत राहिली. पण पुढे पोरगा नदीत पोहायला शिकला, त्याला मिसरूड फुटलं, मॅट्रिक होऊन ट्रंक उचलून तो गाव सोडून निघाला, तेव्हा मात्र ती पदरात तोंड खुपसून रडली.

"आई अशीच होती का हो?" कांतानं विचारलं.

"एवढी गोरी नोती."

"तापानंच गेली?"

"गेली," सुमित्राबाई म्हणाली. "नवऱ्यामागं त्या घरात होतं कोण तिचं?"

खेळ संपला. टाळ्यांच्या गजरात श्रीधर पडद्यासमोर आला. गळ्यात हार, कानांशी केस पिकायला लागलेले.

"आईचा चेहरा मला आठवत नाही," तो म्हणाला. "घरात तिचा फोटो नाही. तिच्याबद्दल कुणी बोलायचंही नाही. तुमच्यापैकी कुणी तिला पाहिलं असेल, तर मला भेटल्याशिवाय जाऊ नका."

सुमित्राबाई दाराकडे निघाली होती. कांतानं तिला हाताला धरून पुढे नेलं. "ह्या तुमच्या घरी स्वयंपाकाला होत्या!"

श्रीधर धावतच खाली उतरला. तिचे दोन्ही हात त्यानं हातांत घेतले. "मावशी, ओळखत होतात तिला?"

"हो."

"मला आत्यानं नेल्यावर कधी माझी आठवण काढायची?"

सुमित्राबाईचे ओठ हलले. भोवती गर्दी जमली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "देवी होती ती माउली!"

"रोज," सुमित्राबाई म्हणाली.

"अजून सांगा ना. काहीही सांगा."

तिनं हळूच हात सोडवून घेतले. "लय जीव होता तिचा तुमच्यावर. येतो मी. माही गाडी चुकन."

आणि पोटच्या पोराला अहोजाहो करून सुमित्राबाई स्टेशनाकडे चालू लागली.