बाद झालेले दोर

"यंदा पुन्हा नवे दोर? मागचे तर चांगले धडधाकट दिसत होते." बजेटच्या कागदावर पेन आपटत मृणालिनीबाईंनी विचारलं, "ते गेले कुठे?"

"बाद केले, ताई," रघुवीर म्हणाला आणि हेल्मेट पुसत राहिला.

टेकडीवरच्या या, दोराला लटकून करायच्या साहसी खेळांच्या पार्कात बाईंनी निवृत्तीचा सगळा पैसा घातला होता, तोही या भागीदाराच्या शब्दावर. जुने दोर तो गुपचूप विकतो, हा संशय त्यांना महिनाभर पोखरत होता. नव्या दोरांच्या आकड्यावर त्यांनी काट मारली आणि तडक पायथ्याची वाडी गाठली. चोरी सापडली, तर भागीदारी आजच मोडायची होती.

पहिल्याच गोठ्यात म्हैस पार्कातल्या लाल दोराने बांधलेली होती. शेजारच्या गोठ्यातही तेच.

"केवढ्याला दिला त्याने?" धार काढणाऱ्या आजीला त्यांनी दरडावून विचारलं.

"फुकट देतो की! पण मेला चार-चार हातांचे तुकडे करूनच देतो. विहिरीला अख्खा मागितला, तर म्हणतो कसा, आजी, याच्यावर आता कुणाचा जीव टांगायचा नाही. माझ्या घागरीला कसला आलाय जीव?"

बाई सावकाश टेकडी चढून आल्या. रघुवीरने मान वर केली नाही.

"दोर नवेच घे," त्या म्हणाल्या. "आणि आजीच्या विहिरीसाठी एक अख्खा धर. तोही नवाच."