वाटीभर साय

आई-दादा मंचरच्या बाजाराला गेले होते आणि अवसरीच्या मळ्यातल्या घरी दोघी बहिणीच होत्या. मॅगीची एकच पुडी दोघींना पुरायची नाही, म्हणून थोरल्या उज्ज्वलाने तीत वाटीभर साय ढवळली, वर लसणाची लालभडक चटणी घातली. घरभर वास सुटला.

“चित्रे, ये लवकर, निवतंय!”

“आले गं! थोडी साय ठेव, मांजराच्या पिल्लांना घालते,” धाकटी अंगणातून म्हणाली. “उसातनं आल्यात दोन. लई गुबगुबीत, अंगावर ठिपकं हायती!”

उज्ज्वला दाराशी धावली. चित्राच्या मांडीवर बिबट्याची दोन्ही पिल्लं खेळत होती.


हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. वारा पूर्ण पडलेला असूनही चित्राच्या पाठीमागचा ऊस हलत होता.