तिसरी लाइन

"इथे सही करा, म्हणजे हिला आजच काढतो," गुरुदत्तने तक्रारीचा कागद वासुदेवकडे सरकवला.

गुरुदत्त हा अँब्युलन्स कंपनीच्या जयनगर शाखेचा मॅनेजर. हिला म्हणजे प्रियदर्शनीला. चार वर्षं ती इथे फोन घेत होती. आत्ता भिंतीला टेकून उभी होती.

वासुदेवने पेन उघडलं. तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी त्याच्या बायकोने, सुचेताने, चामराजपेटच्या घरातून इथे तीनदा फोन लावला होता. गाडी आली नाही. ती फोन उचलेना म्हणून तो येलहंक्याहून काम टाकून घरी पोचला तेव्हा मोबाइल तिच्या गार पडलेल्या हातातच होता. तीनही फोन लागलेले दिसत होते. प्रत्येक अडतीस सेकंद.

"अण्णा, त्या दिवशी तिसरी लाइन वाजलीच नाही," प्रियदर्शनी म्हणाली.

"मग अडतीस सेकंद कोण बोललं? भूत?" वासुदेव म्हणाला.

"मला काय ठाऊक? आदल्या संध्याकाळी तुम्ही इथेच होता, नवीन फॅक्स लावत. मी कॉफी आणून दिली. तेवढ्यात अक्कांचा फोन आला, दम लागतोय म्हणून. कॉफी तशीच टाकून पळालात. एवढं माहीत असून त्यांचा फोन मी ठेवून देईन?"

"तिला अक्का म्हणू नकोस."

तिसऱ्या लाइनचा नंबर ना गाड्यांवर होता, ना पाटीवर. पहिल्या दोन लाइनी कायम गुंतलेल्या. म्हणून वासुदेवनेच तो नंबर सुचेताला स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून दिला होता. आधी इथे लाव, मग मला, असं बजावलं होतं.

इथली टेलिफोन यंत्रणा त्यानेच बसवलेली. बाहेरून येणारी कुठली लाइन आत कुठे वाजेल, हे तोच ठरवायचा. आठ वर्षांत भिंतीवरच्या त्या खोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्यात खोट असती तर त्याला कळली असती.

"स्वल्प विचार करा, वासुदेव," गुरुदत्त हळू आवाजात म्हणाला. "चौकशीत काही निघालं नाही. तुम्ही तक्रार मागे घेतलीत तर ती राहील. तिची आई अंथरुणाला खिळलीय."

"माझ्या बायकोला तेवढीही सवड मिळाली नाही."

त्याने सही केली. पेन बंद केलं. पण प्रियदर्शनी अजून त्याच्याकडेच बघत होती, आणि ते त्याला सहन झालं नाही.

"बस तुझ्या खुर्चीत," तो म्हणाला. "मी फोन लावतो. वाजला की उचल, आणि तेव्हा जे बोलली नाहीस ते आता बोल."

"सरी, बसते," ती म्हणाली. खुर्चीत बसली आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

वासुदेवने खिशातून सुचेताचा मोबाइल काढला. तिने लावलेल्या नंबरांच्या यादीत सगळ्यात वर तोच नंबर होता. त्याने तो लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

प्रियदर्शनीच्या टेबलावरचा फोन गप्प राहिला. कोपऱ्यातल्या फॅक्सने लाइन उचलली, आणि सुचेताच्या मोबाइलमधून कर्कश शिट्टी अडतीस सेकंद वाजत राहिली.