सारजाबाईंच्या पानावरचं साल

वरवंडकरांनी सारजाबाईंच्या लेखातलं ‘मृत्यू १९९४’ तिसऱ्यांदा काढून टाकलं, तेव्हा कारेगावच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये करुणा हातातला घास तसाच धरून बसली. कारण नेहमीचंच, दोन शब्दांचं: संदर्भ हवा.

ऑनलाइन ज्ञानकोशावर ती दोन वर्षं टोपणनावाने फुकट राबत होती, आणि वरवंडकर तिचे गुरू. भेट कधी नाही, ओळख चर्चापानावरची. कुणी निवृत्त हेडमास्तर असणार असं धरून ती त्यांना ‘आबा’ म्हणायची. त्यांनीही कधी हरकत घेतली नव्हती.

सारजाबाई म्हणजे तळेगाव ढमढेऱ्याकडे एकेकाळी गाजलेल्या भीमगीतांच्या गायिका. करुणाची आई. आई गेली तेव्हा करुणा तीन वर्षांची. तिला आवाजसुद्धा आठवत नव्हता. निदान जगापुढे आईचं नाव नीट, पूर्ण लागावं, एवढीच तिची धडपड. नातं मात्र तिने तिथे कुणाला सांगितलं नव्हतं.

आबांनीही त्या लेखात जीव ओतला होता. जुन्या कॅसेटच्या कव्हरांचे फोटो, कोणत्या जयंतीला कोणतं गाणं, सगळं पुराव्यानिशी. आणि आता या एका सालावर अडून बसलेले! माणूस आहे की मोजपट्टी, असं तिला झालं.

अर्धी रजा टाकून ती जीपने तळेगावला आली. ग्रामपंचायतीतल्या कारकुनाने मृत्यूनोंदीचं जुनं रजिस्टर दोनदा चाळलं.

“न्हाई ताई, हे नाव कुठंच न्हाई.”

इथे मेलेल्या माणसालाही किंमत नाही, असं पुटपुटत ती तरातरा घरी आली. तिचे वडील मच्छिंद्र ओट्यावर शेंगा फोडत बसले होते.

“आप्पा, आईचा मृत्यूचा दाखला हाय का?”

“कशाला उकरती आता?”

“लेखात घालायचाय. साल तुम्हीच सांगितलंय, तारीख तरी सांगा.”

“म्या न्हाई ध्यानात ठिवली. सोड की. च्या टाक.”

तिचं डोकंच फिरलं. सगळ्यांना जणू तिची आई अर्धवटच हवी होती. चुलीवर आधण ठेवून तिने उभ्या उभ्या मोबाइलवर चर्चापान उघडलं आणि दोन वर्षांचा आदर गुंडाळून ठेवला.

‘आबा, मी कंपनीत क्वालिटीला आहे. कागदाशिवाय मीही माल सोडत नाही. पण मी सारजाबाईंची मुलगी आहे. आईविना वाढले आहे. याहून मोठा संदर्भ तुम्हाला कोणता हवा?’

मग अंगणात नुसत्या येरझाऱ्या. चहा उतू गेला, आप्पा ओरडले, तिला ऐकूच आलं नाही. तासाभराने उत्तर आलं.

‘मुलीचा शब्द इथे संदर्भ म्हणून चालत नाही. आणि स्वतःवरच्या लेखाला स्वतः हात लावू नये, हाही इथला नियम आहे. तो मात्र मी पहिल्या दिवसापासून मोडत आले, करुणे.’