दुसरा पंच

दुसरा पंच मिळत नव्हता. मुदत संपलेल्या कागदांचे गठ्ठे नगरपालिकेच्या मागच्या अंगणात रचून ठेवले होते. ते जाळायचे तर बाहेरच्या दोन माणसांची साक्ष लागते. पहिला पंच, चहावाला ज्ञानू, सही करून पुन्हा गाड्यावर गेला होता.

गणपती सकाळपासून अंगणात उघडणाऱ्या रेकॉर्ड खोलीच्या दारात बसून होता.

"आण्णा, पाण्याचा रिपोर्ट तेवढा बघा की," तो रेकॉर्डकीपर संगमेशला म्हणाला. "आमच्या गल्लीचा. गेल्या साली आमची कारभारीण काविळीनं गेली, तवाचा."

"आता त्याचं काय करताय?"

"सुनंला सातवा लागलाय. नळ त्योच हाय. पाणी खराब निघाल्याचा कागद आणा, मग पाईप बदलतो, म्हणालेत इंजिनियर."

संगमेशनं वर पाहिलं. माडीवरच्या खिडकीत इंजिनियर उभे होते.

"बघू. तवर एक काम करा, पावणं. ह्याच्यावर सही ठोका."

"काय हाय?"

"पंचनामा. ही सगळी 'ड' वर्गाची रद्दी. वरीसभर ठेवायची, मग जाळायची. नियमच हाय."

गणपतीनं कागद हातात घेतला. खाली लिहिलं होतं, 'वरील कागद आमच्या समक्ष जाळण्यात आले.'

"अजून काडी बी लावली न्हाय की."

"मग धुरात बसून सही करताय व्हय? ज्ञानूनं उकळता चहा सोडून केली. तुम्ही तर रिकामंच बसलाय."

ज्याच्याकडं काम अडलंय त्याला नाही कसं म्हणायचं? गणपतीनं सही केली.

शिपाई बाळासोनं पहिल्या गठ्ठ्यावर रॉकेल ओतून काडी लावली. मग तो एकेका गठ्ठ्याचं फडकं सोडू लागला. कागद जाळात टाकायचे, फडकं घडी करून बाजूला ठेवायचं. फडकी पुढच्या कागदांना लागतात.

एका गठ्ठ्यावरची चिठ्ठी सुटून गणपतीच्या पायाशी आली. त्यानं ती उचलली. 'पाणी तपासणी, २००१.' गेलं साल.

त्यानं मान वर केली तेव्हा बाळासो रिकामं फडकं झटकत होता.

"अरं थांब. त्यात माझं हाय."

तो पुढे धावला. जाळानं त्याला मागं सारलं. वरचे कागद काळे होऊन वळत होते.

"आता काय थांबतंय?" संगमेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या डोळ्यादेखत जळलं, अशी तुमचीच सही हाय."

त्यानं पंचनामा एका लाल फडक्यात ठेवला आणि गाठ मारली.

"त्यो कवा जाळायचा?" गणपतीनं विचारलं.

"ह्यो न्हाय जाळायचा. ह्यो कायमचा."

वरची खिडकी लागली. धूर अंगणात खाली बसला. गणपतीला ठसका लागला, थांबेना. बाळासोनं अंगणातल्या नळावर पेला भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"प्या, काका."

गणपतीनं पेला उजेडाकडं धरला. पाणी नितळ होतं. घरच्या नळालाही नितळच यायचं.