साडेचार दिवस
काल मशीनवर शिवता शिवता थोरल्या जावेनं जीव सोडला. तिला गावी न्यायचं म्हणून धाकटी आठवड्याची सुट्टी मागायला आली. सुपरवायझरनं ऑर्डरच्या कागदावरच त्रैराशिक मांडलं. "आठ बायांना सहा दिवस. तुम्ही दोघी गेलात, उरल्या सहा." पेन्सिल चावत त्यानं गुणलं, भागलं. "अगं, साडेचारच दिवस! जा खुशाल, तुमच्यावाचून काही अडत नाही." बाया कमी, तर दिवसही कमी! खरे तर लागणार होते आठ दिवस. एरवी त्याची असली दिव्य गणितं धाकटीच गुपचूप सुधारून द्यायची. त्यानं तिच्यासमोरच मालकाला फोन लावला. "साडेचार दिवसांत माल देतो, शब्द आहे माझा!" तिला रडू आलं नाही, हसूही नाही. थोरलीच्या मशीनवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा तसाच पडला होता. तो पुसून तिनं पिशवीत टाकला. "साहेब," दारातून ती म्हणाली, "गणित बरोबर आहे."