वर्तुळातला चौकोन

लसीच्या कुपीचं झाकण नखाएवढं होतं. त्यावर एक जांभळं वर्तुळ आणि वर्तुळाच्या मधोमध एक चौकोन. लस चांगली असते तेव्हा चौकोन फिकट असतो. ऊब लागत गेली की तो जांभळा होत जातो, आणि एकदा चढलेला रंग पुन्हा उतरत नाही. सिस्टरच्या कोटाच्या खिशातल्या झाकणावर चौकोन कुठे संपतो आणि वर्तुळ कुठे सुरू होतं, ते सांगता येत नव्हतं.

ते खिशात आलं त्याला आज नऊ दिवस झाले. त्या दिवशी दवाखान्याची रांग फाटकाबाहेर गेली होती. मुलांच्या नावाने घरटी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याची ती शेवटची तारीख. कार्डावर गोवराच्या लसीचा शिक्का नसेल तर भत्ता बंद. कुपी उघडण्याआधी चौकोन बघायचा, हे सिस्टर वीस वर्षं नव्या मुलींना शिकवत आली होती. त्या गर्दीत तिने स्वतः झाकण उडवलं, खिशात टाकलं आणि सुई भरली. एका कुपीत दहा मुलं. दहा शिक्के. संध्याकाळी कोट काढताना झाकण हाताला लागलं. मग चौकशी केल्यावर कळलं, की ती कुपी भर उन्हाळ्यात तीन आठवडे कोठीतल्या एका डब्यात विसरून राहिली होती. शिपाईमामांना ती सापडली आणि त्यांनी नीट पुसून, जपून, फ्रीजमध्ये ठेवून दिली. चौकोन बघणं मामांचं काम नव्हतं. तिचं होतं.

तेव्हापासून सगळे आवाज तिला पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येत. दुपारी दवाखाना रिकामा झाला की फ्रीज एका सुरात घुमत राही आणि ती खुर्चीत बसून बघत राही. फरशीचा एक चौकोन सावकाश गडद होई, मग शेजारचा. खिडकीतून आलेला उन्हाचा तुकडाही चौकोनीच असे. तो बाकावरून उतरून तिच्या पायाशी येई, जणू काही विचारायला आला आहे, आणि उत्तर न घेताच भिंतीवर चढून जाई. दोनदा तिने वरच्या कार्यालयाला सांगायला फोन उचलला होता. दोनदा ठेवला होता. सांगितलं की दहा शिक्के रद्द. दहा घरांचा भत्ता थांबणार. शिवाय जे मुळात कुरकुरत आले होते, ते पुन्हा ही पायरी चढतील कशाला? उद्या बघू, असं ती रोज स्वतःला सांगे, आणि दहा मुलं उघड्या दंडांनी कुठेतरी हुंदडत असत.

"सिस्टर, खिशात सोनं ठेवलंय की काय?" मामा जाता जाता म्हणाले. "आठवडाभर बघतोय, हात म्हणून बाहेर येत नाही."

ती हसली. हसणंही दुरून आलं.

एवढ्यात दारात बटणवाली उभी राहिली. ती कपड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला बटणं लावायची, म्हणून सगळे तिला तेच म्हणत. बोटाला धरून तिची चार वर्षांची लेक, भिंगरी. नऊ दिवसांपूर्वी याच दारात ती म्हणाली होती, "हिला जन्मात सुई लागली नाही, तरी ठणठणीत आहे. भत्त्यासाठी आणलीय हो, तुमच्या सुईच्या प्रेमाने नाही. टोचा एकदाचं!"

आज तिचा सूर वेगळा होता.

"बसत नाही, सिस्टर, एकच विचारायचंय. आमच्या शेजारच्या मनीला गोवर निघालाय. तापाने नुसती फणफणलीय पोर. तिच्या आईला कामावर जायलाच हवं, आणि जो तो आपल्या पोरांना घरात ओढून दारं लावून घेतोय. मी म्हटलं, आण माझ्याकडे. मी दिवसा घरीच असते, आणि भिंगरी बसेल तिच्याजवळ. घाबरायचं काय, माझीला तर लस टोचलीय!" ती थोडी ओशाळली. "त्या दिवशी मी तुम्हाला वाटेल ते बोलले. मनावर घेऊ नका. आता कळलं कशासाठी असते ती. एका अंथरुणावर झोपल्या दोघी, तर चालेल ना?"

तिने पिशवीतून कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून जपलेलं.

सिस्टरचा हात खिशातून बाहेर आला. मूठ उघडली.

"अगंबाई, बटण तुटलं होय! आणा इकडे, दोन टाके घालून देते." बटणवालीने कॉलरमध्ये खोचलेली सुई काढलीसुद्धा.

भिंगरी टाचा उंचावून तळहातावर वाकली. "आई, याला भोकंच नाहीत."

फ्रीज घुमायचा थांबला. तो अधूनमधून थांबतच असे, पण आज ती शांतता खोलीभर पसरली. बाहेरची सायकलची घंटा, मामांचा खोकला, भिंगरीचा श्वास, सगळं एकदम जवळ आलं, काठावर यावं तसं. उन्हाचा तुकडा पायाशी येऊन थांबला होता.

"बटण नाही ते," सिस्टर म्हणाली.

बटणवालीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग कार्डाकडे. सुई तशीच चिमटीत राहिली.

"शिक्का आहे की यावर," ती हळूच म्हणाली. "तुमचाच आहे ना?"

"माझाच आहे. शिक्का आहे. लस नाही."